गच्चीवरच्या ड्रोनला हद्द कुणी आखली?

गेल्या दिवाळीत नवी मुंबईजवळच्या उलव्याच्या आमच्या सोसायटीत एका मुलाचा ड्रोन अकराव्या मजल्यावरच्या कबुतरांच्या जाळीत अडकला. पाती जाळीत गुरफटलेली, खालचा लाल दिवा कितीतरी वेळ लुकलुकत राहिला. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला, ‘ड्रोन उडवण्यास सक्त मनाई’. मुलाने विचारलं, हा नियम कुणाचा? प्रश्न रास्त होता.

मे २०१४ मध्ये मुंबईत ड्रोनने पिझ्झा पोहोचवून दाखवला गेला. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, नियम ठरेपर्यंत, खासगी ड्रोन उडवायलाच मनाई केली. हे ‘ठरेपर्यंत’ चार वर्षं लांबलं. १ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनी वजनावरून वर्ग पाडले. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. पण परवानग्यांचं जंजाळ हौशी माणसाला झेपणारं नव्हतं.

२७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनहल्ला झाला. त्यानंतर सरकार नियम आणखी आवळेल असं वाटत होतं. झालं उलटं. २५ ऑगस्टच्या नव्या नियमांत २५ अर्जांचे ५ झाले, ७२ प्रकारच्या शुल्कांचे ४. नॅनो किंवा हौसेपुरता मायक्रो उडवणाऱ्याला पायलट प्रमाणपत्र लागेनासं झालं. मला हा निर्णय धाडसाचा वाटतो.

ठाणे-नवी मुंबईसाठी महत्त्वाचा बदल, ड्रोन कुठे उडवता येतो हे रंगांनी दाखवणाऱ्या सरकारी नकाशात होता. विमानतळाभोवतीचा पिवळा, म्हणजे परवानगी लागणारा, पट्टा ४५ किलोमीटरचा १२ वर आला. हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरमध्ये उडवायचं तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक. सांताक्रूझपासून मोजलं तर आपला बराचसा भाग सुटत होता. पण ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली, आणि हेच मोजमाप आपल्या दारातून सुरू झालं. उलवे तर विमानतळाला खेटूनच आहे.

दुसरा धागा पोलिसांचा. पूर्वी कलम १४४, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. पोलीस आयुक्तांचा असा मनाई आदेश एरवी जास्तीत जास्त दोन महिने चालतो, मग नव्याने काढावा लागतो. त्यामुळे नकाशात हिरव्या, म्हणजे मोकळ्या, दिसणाऱ्या जागीही त्या महिन्यात बंदी असू शकते. मे २०२५ मध्ये सीमेवरच्या तणावात मुंबईत तशी बंदी होती. नकाशा पाहून निघालेला माणूस इथेच फसतो.

मुलाला हे सगळं सांगितलं, त्याला पटलंही. पण अकराव्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार ना विमानांची होती, ना सुरक्षेची. ड्रोनचा कॅमेरा त्यांच्या बेडरूमच्या खिडकीसमोर होता, आणि २०२१ च्या नियमांत खासगीपणासाठी वेगळं कलमच नाही.