परिसर-संकल्पनाचित्रण

व्हिडिओ गेममधील नगर, अरण्य, गुहा, पडका किल्ला, कारखाना किंवा परग्रहावरील माळ संगणकात त्रिमित रूपाने उभा करण्यापूर्वी तो कसा दिसावा, त्यात कोणत्या वेळेचा उजेड असावा आणि खेळणाऱ्याला त्यातून वाट कशी सुचावी, हे चित्रांनी ठरवण्याची पद्धती. तिची दोन अंगे आहेत : आकारांचा शोध घेणारे प्रायोगिक रेखाटन आणि त्या आकारांवर पडणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास. या विषयावरील लेखनात पहिल्या अंगाला झुकते माप मिळते. प्रत्यक्षात दुसरे कच्चे राहिले तर पहिले फुकट जाते; म्हणून या नोंदीत प्रकाशाचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

संज्ञा : ‘कन्सेप्ट आर्ट’ या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत ‘संकल्पनाचित्र’ हा शब्द वापरता येतो. महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांतील ‘संकल्पचित्र’ या विषयाशी त्याची गल्लत करू नये. तेथे दिलेल्या चौकटीत अलंकरणात्मक आकृतिबंध रचायचा असतो. मूळ इंग्रजी संज्ञा केव्हा रूढ झाली, याविषयी एकमत नाही. १९३० च्या दशकात डिस्ने स्टुडिओत ती प्रथम वापरली गेली, असे वारंवार सांगितले जाते. परंतु १९३१ मध्ये तेथे रुजू झालेले स्विस चित्रकार अल्बर्ट हर्टर यांच्या कामाला ‘स्फूर्तिचित्रे’ अशा अर्थाचे नाव होते, हे लक्षात घेतल्यास त्या सांगण्याला मर्यादा पडतात. दुसरे मत मोटार उद्योगातील ‘कन्सेप्ट कार’ या संज्ञेकडे बोट दाखवते. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली आकार व रंग यांसाठी स्वतंत्र विभाग काढला आणि १९३८ च्या सुमारास ‘ब्यूक वाय-जॉब’ ही केवळ कल्पना पारखण्यासाठी केलेली मोटार तयार झाली. मात्र अशा गाड्यांनाही १९५० च्या दशकात ‘ड्रीम कार’ म्हणत. याखेरीज अमेरिकन विचारक हेन्री फ्लिंट यांनी १९६१ मध्ये ‘कन्सेप्ट आर्ट’ हा शब्द, कल्पना हेच ज्या कलेचे द्रव्य आहे तिच्यासाठी वापरला. त्या कलाविचाराशी गेममधील चित्रांचा संबंध नाही. एकंदरीत शब्द उसना आणि अलीकडचा, काम मात्र बरेच जुने, असे मानणे सयुक्तिक वाटते.

पूर्वपीठिका : अस्तित्वात नसलेली, पण आत शिरावेसे वाटणारी जागा चित्रातून रचण्याचे सर्वांत प्रभावी जुने उदाहरण म्हणजे इटालियन उत्कीर्णक (धातूच्या पत्र्यावर कोरून चित्रे छापणारे) जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी यांची काल्पनिक तुरुंगांची मालिका. तिची पहिली आवृत्ती सामान्यतः १७४९-५० मधील समजली जाते. तीत १४ चित्रे होती. १७६१ च्या आवृत्तीत ती १६ झाली आणि जुन्या पत्र्यांवर पुन्हा काम करून ती अधिक गडद करण्यात आली. जिने कोठे जातात ते कळत नाही, कमानींची भूमिती जुळत नाही, तरी जागा खरी वाटते. ती खरी वाटते याचे श्रेय दुसऱ्या आवृत्तीतील अंधाराला अधिक द्यावे लागते. नकाशा चुकला तरी डोळा उजेडावर विश्वास ठेवतो.

प्रायोगिक रेखाटनाचा उगम इंग्रज चित्रकार अलेक्झांडर कोझेन्स यांच्यापर्यंत नेता येतो. त्यांनी सुमारे १७८५-८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत कागदावर काळ्या शाईचे डाग वेगाने टाकायचे, त्यावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि डागांत दिसणारे डोंगर, झाडी, पाणी रेखायचे, असा क्रम होता. डाग पडलेल्या भिंतींत देखावे पाहण्याचा लिओनार्दो दा व्हिंचींचा सल्ला त्यापूर्वीचा असून कोझेन्स यांनी स्वतः त्याचा उल्लेख केला आहे. नाट्य व चित्रपट यांतील नेपथ्याचा वाटाही मोठा आहे. विल्यम कॅमेरॉन मेंझीझ यांच्यासाठी १९३९ मध्ये ‘प्रॉडक्शन डिझायनर’ हे श्रेयनाम वापरले गेले. १९७५ पासून राल्फ मॅक्वारी यांनी ‘स्टार वॉर्स’ या अंतराळपटासाठी केलेली चित्रे आणि १९८२ च्या ‘ब्लेड रनर’साठी सिड मीड यांनी कल्पिलेले पावसाळी नगर यांचा ठसा पुढील गेमचित्रकारांवर उघड दिसतो.

रेखाटनाची रीत : आजचा चित्रकार डिजिटल पाटीवर काम करीत असला, तरी आरंभ कोझेन्स यांच्याच तऱ्हेने होतो. काड्यापेटीएवढ्या चौकटींत दहा-वीस लहान चित्रे काढतात. त्यांना कारागीर ‘थंबनेल’ म्हणतात. त्यांत रंग नसतो, तपशील नसतो. काळा, करडा, पांढरा अशा तीन-चार छटाच असतात. लासो या मुक्तहस्त निवड-साधनाने वेडेवाकडे आकार कापून भरणे, छायाचित्राचा तुकडा उलटा करून ताणणे, गंजलेल्या पत्र्याच्या पोतातून कडा काढणे, असे प्रयोग यात येतात. ‘अल्केमी’ या रेखाटन-प्रणालीत तर केलेली रेघ मागे घेण्याची सोयच ठेवलेली नाही. हेतू एकच : हाताला आधीपासून येणारे घर, झाड, डोंगर टाळणे. छायाचित्रांचे तुकडे जोडून चित्र पुरे करण्याची ‘फोटोबॅशिंग’ ही रीत वेगवान असली, तरी तीत एक धोका आहे. प्रत्येक तुकडा आपला प्रकाश बरोबर घेऊन येतो. सकाळचा कडा आणि दुपारचे झाड एका चित्रात आले की जागा मोडते, आणि ती का मोडली हे नवशिक्याला कळत नाही.

प्रकाशाभ्यास : उघड्यावर बसून केलेल्या अभ्यासाचे शास्त्र अठराव्या शतकाच्या अखेरीस नीट मांडले गेले. फ्रेंच निसर्गचित्रकार प्येर-आंरी द व्हालांस्येन यांनी १७९९-१८०० च्या सुमारास बजावले, की निसर्गातील अभ्यास दोन तासांहून लांबवू नये आणि सूर्योदय-सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासात आटोपावा. कारण तेवढ्यात उजेड बदललेला असतो. जॉन कॉन्स्टेबल यांनी १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेड येथे ढगांचे अभ्यास केले आणि अनेकांच्या पाठीमागे तारीख, वेळ, वारा यांची नोंद ठेवली. जॉन गॉफ रँड यांनी १८४१ मध्ये तैलरंगासाठी दाबता येणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट घेतल्यावर रंग घेऊन बाहेर पडणे सोपे झाले. क्लोद मोने यांची गवताच्या गंजींची चित्रे (१८९०-९१) या परंपरेतील. गेमसाठी प्रकाशाचा अभ्यास करणारा विद्यार्थी आजही खिडकीत किंवा गच्चीवर बसून तीच शिस्त पाळतो.

यात पहिला प्रश्न छटेचा, म्हणजे उजळ-गडदपणाचा; रंगाचा नव्हे. भर उन्हात प्रदीपन (पृष्ठभागावर पडणारा उजेड; त्याचे एकक लक्स) सुमारे १,००,००० लक्स असते, मोकळ्या आकाशाखालील सावलीत १०,००० ते २०,००० लक्स, तर पौर्णिमेच्या चांदण्यात अर्ध्या लक्सहूनही कमी. कोळसा आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत पाठवतो, पांढरा कागद ८० टक्के. म्हणजे उन्हातला कोळसा आणि सावलीतला पांढरा कागद यांच्याकडून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशात केवळ दुपटी-चौपटीचा फरक उरतो. तरी मन एकाला काळा आणि दुसऱ्याला पांढराच म्हणते. एडवर्ड एडेलसन यांनी १९९५ मध्ये केलेले बुद्धिबळासारख्या पटावरील सावलीचे प्रसिद्ध दृष्टिभ्रमचित्र याच गोष्टीवर उभे आहे. चित्रकाराने मनाचे न ऐकता डोळ्याचे ऐकायचे, हे प्रकाशाभ्यासाचे सार आणि त्याची सगळी अडचणही. त्यात भर अशी, की कागदावर सर्वांत उजळ व सर्वांत गडद यांचे गुणोत्तर फार तर काही दशपटींचे असते, साध्या पडद्यावर हजारपटीच्या आसपास. निसर्गातील पल्ला त्याहून कितीतरी मोठा. काय पांढरे जळू द्यायचे आणि काय काळोखात बुडू द्यायचे, हे ठरवावेच लागते.

सावलीच्या कडेचा अभ्यास बहुधा दुर्लक्षित राहतो. आकाशात सूर्याचा व्यास सुमारे अर्धा अंश दिसतो, त्यामुळे सावलीला उपच्छायेची (अर्धवट सावलीची) किनार येते आणि तिची रुंदी वस्तू व सावली यांमधील अंतराच्या साधारण १०८ व्या भागाएवढी असते. पायाजवळच्या दगडाची सावली धारदार. ११ मीटर उंच फांदीच्या सावलीची कड सुमारे १० सेंमी. पसरट. आंब्याखाली पडणारे कवडसे पानांमधील फटी वेड्यावाकड्या असूनही गोल दिसतात, कारण दूर पडलेला प्रत्येक कवडसा सूर्याचीच प्रतिमा असतो. खंडग्रास ग्रहणात ते चंद्रकोरीसारखे होतात. सगळ्या सावल्या सारख्याच धारदार काढलेले अरण्य म्हणूनच कागदी वाटते.

रंगाच्या बाबतीत वातावरण निर्णायक ठरते. रेलींच्या नियमानुसार (१८७१) हवेतील रेणूंमुळे होणारे प्रकीर्णन तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरतो. त्यामुळे दूरचे डोंगर निळसर होतात. मावळतीला सूर्यकिरणांना माथ्यावरच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते, म्हणून उरतो तो तांबूस उजेड; आणि त्याच वेळी सावल्यांत आकाशाचा निळा भरतो. उबदार उजेड व थंड सावली हा शाळेत शिकवला जाणारा नियम एवढ्यावरच आधारलेला आहे. ढगाळ दिवशी किंवा गोदामातील दिव्याखाली तो लागू पडत नाही.

चांदण्याचा प्रश्न वादग्रस्त आहे. गेममधील रात्र निळी रंगवतात, पण चांदणे मोजले असता सूर्यप्रकाशाहून किंचित तांबडेच भरते. याचे स्पष्टीकरण पुर्किन्ये परिणामाने देण्याची प्रथा आहे. (हे निरीक्षण कोणी १८१९ चे, कोणी प्रसिद्धीच्या वर्षावरून १८२५ चे मानतात.) मंद उजेडात निळे रंग तुलनेने उजळ दिसतात, एवढे त्याने सिद्ध होते, परंतु डोळ्यातील अंधारात काम करणाऱ्या शलाका-पेशींना रंग कळत नाही, मग निळेपणाची जाणीव कोठून येते, हे त्यातून पुरते उलगडत नाही. रंगभूमी व चित्रपट यांतील संकेताचा यातला वाटा अभ्यासक समजतात त्याहून मोठा असावा.

यंत्रातील प्रकाश : चित्रातला प्रकाश खेळात उतरवणे हे वेगळे तंत्र. योहान हाइन्रिख लाम्बर्ट यांनी १७६० मध्ये मांडलेल्या कोज्या-नियमाप्रमाणे (कोज्या म्हणजे कोनाचे ‘कोसाइन’ गुणोत्तर) पृष्ठभाग प्रकाशापासून ६० अंश कलला की उजेड निम्मा होतो आणि ९० अंशांना शून्य. व्हॅल्व्ह या गेम-कंपनीने ‘हाफ-लाइफ’साठी (१९९८) हा नियम मुद्दाम मऊ केला : कोज्येची निमपट करून तीत अर्धा मिळवायचा आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग करायचा. मग ९० अंशांनाही पाव उजेड उरतो व आकृतीची मागची बाजू सपाट काळी होत नाही. हे भौतिकीदृष्ट्या चूक आहे, आणि चित्रकलेच्या दृष्टीने अगदी बरोबर. ‘टीम फोर्ट्रेस २’ (२००७) मध्ये हेच सूत्र लायेनडेकर, कॉर्नवेल, रॉकवेल या अमेरिकन बोधचित्रकारांच्या छायाप्रकाशाशी जोडण्यात आले. पृष्ठभागांवरून उडून येणाऱ्या प्रकाशाचे गणित १९८४ मधील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधन आणि जेम्स काजिया यांचे १९८६ चे समीकरण यांतून पक्के झाले. खेळात ते प्रत्यक्ष क्षणी करणे दीर्घकाळ अशक्य होते. म्हणून तो प्रकाश आधी मोजून पोतात (पृष्ठभागावर चढवायच्या चित्रात) साठवत; याला ‘लाइट बेक करणे’ म्हणतात. ‘मिरर्स एज’मधील (२००८) पांढरे शहर व त्यातील रंगीत परावर्तने या रीतीने केलेली आहेत. २०१८ नंतर किरण-मागोवा (प्रकाशकिरणांच्या वाटेचे गणित) खेळाच्या क्षणीच घेणारी ग्राफिक कार्डे आल्यावर परिस्थिती बदलू लागली.

उदाहरणे : फुमितो उएदा यांच्या ‘इको’मधील (२००१) खिडक्यांतून सांडणारा उजेड, सोफिया येथे जन्मलेले व्हिक्टर अँटोनोव्ह यांनी ‘हाफ-लाइफ २’साठी (२००४) पूर्व युरोपीय नगरांवरून रचलेली ‘सिटी १७’, केवळ काळ्या-करड्या छटांवर उभा असलेला ‘लिंबो’ (२०१०) आणि ऑली मॉस यांच्या चित्रांवर बेतलेला, एकामागे एक धुक्याचे सपाट पडदे लावणारा ‘फायरवॉच’ (२०१६) ही अभ्यासण्याजोगी आहेत.

महाराष्ट्रातील संदर्भ : चित्रीकरणाआधी पात्रे व वेशभूषा रेखाटून ठेवण्याची आणि रंगवलेल्या पडद्यांऐवजी घन नेपथ्य उभारण्याची पद्धत कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी अवलंबली; ‘सिंहगड’ (१९२३) या त्यांच्या मूकपटात कृत्रिम प्रकाश वापरला गेल्याचे सांगतात. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे समई घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते पुष्कळदा राजा रविवर्मा यांच्या नावावर खपवले जाते, ही चूक वेळोवेळी दुरुस्त करावी लागते. ज्योतीआड धरलेल्या हाताच्या बोटांतून लाल होऊन झिरपणारा उजेड त्यात जसा टिपला आहे, तसा त्वचेतून पार होणारा प्रकाश संगणकावर वेगाने मोजण्याची व्यवहार्य रीत २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. गेमच्या क्षेत्रात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने केलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला. त्याचे परिसर मध्ययुगीन राजस्थानी वास्तूंवरून घेतले असून पोत हातांनी रंगवलेले आहेत. रंगयोजनेत पहाडी लघुचित्रांचा आधार आहे. त्या लघुचित्रांत पडछाया नसते, या खेळातील प्रांगणांत मात्र ती आहे.