*#06# आणि *#21#: एक फोनचा कोड, एक नेटवर्कचा

व्हॉट्सअ‍ॅपवर दर थोड्या दिवसांनी मोबाईलच्या सिक्रेट कोडची यादी फिरत येते. *#06# च्या खाली *#21#, त्याच्या खाली ##002#, मग अजून कुठलातरी, सगळे एकाच रांगेत. दिसायला सारखेच, सगळे डायलपॅडवरच टाकायचे, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की हे सगळे फोनचेच कोड. पण तसं नाहीये, यातले काही तुमच्या हातातल्या हँडसेटचे आहेत आणि काही जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांच्या नेटवर्कचे, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण लोकांची फसवणूक याच गोंधळातून होते.

आधी फोनचे कोड बघू. *#06# टाकलं की आयएमईआय नंबर (प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक) दिसतो, 15 आकडी, दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर. इथे एक गोष्ट बघा, शेवटचा # दाबल्या दाबल्या स्क्रीनवर माहिती येते, हिरवं बटण दाबावंच लागत नाही. म्हणजे उत्तर फोननेच दिलं, बाहेर काही गेलंच नाही. *#07# चं तसंच, बऱ्याच फोनमध्ये त्याने सार व्हॅल्यू कळते (फोनमधून शरीरात किती रेडिएशन जातं त्याचं माप, आपल्याकडे मर्यादा 1.6 वॅट प्रति किलो आहे). सॅमसंगमध्ये *#0*# टाकलं तर टेस्ट मेनू उघडतो, स्क्रीनचे रंग, टच, स्पीकर, सेन्सर सगळं तपासता येतं, सेकंडहँड सॅमसंग घेताना हे दुकानातच करून बघा, डेड पिक्सेल (स्क्रीनवरचा न उजळणारा ठिपका) असेल तर लगेच दिसतो. बऱ्याच अँड्रॉइडमध्ये *#*#4636#*#* चालतो, त्यात सिग्नलची वगैरे माहिती असते. या कोडने तुमच्या सिमवर, नंबरवर काही बदलत नाही.

आता नेटवर्कचे. *#21# टाकून कॉल बटण दाबलं की क्षणभर काहीतरी फिरत राहतं आणि मग उत्तर येतं. ते उत्तर कंपनीच्या सिस्टीमकडून आलेलं असतं. खात्री करायची असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि दोन्ही कोड वापरून बघा, *#06# तरीही चालेल आणि *#21# एरर देईल. फोनचा कोड आणि नेटवर्कचा कोड यातला फरक समजून घ्यायला मला हीच रीत सगळ्यात सोपी वाटते.

*#21# हा कॉल फॉरवर्डिंगचा, म्हणजे तुमच्याकडे येणारे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवण्याच्या सोयीचा कोड. या कोडची एक ठरलेली भाषा आहे, एकदा कळली की पाठ करायची गरज नाही. मधला आकडा कुठले कॉल ते सांगतो: 21 म्हणजे सगळे, 61 म्हणजे उचलला नाही तर, 62 म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर, 67 म्हणजे बिझी. आणि पुढची चिन्हं काय करायचं ते सांगतात. *# लावलं तर फक्त विचारणा,  ** लावून पुढे नंबर दिला तर फॉरवर्डिंग सुरू, ## लावलं तर पुसून टाका. म्हणून *#21# निरुपद्रवी आहे, पण **21* आणि पुढे कुणाचातरी नंबर म्हणजे तुमचे सगळे कॉल त्या माणसाकडे. ##002# ने सगळी फॉरवर्डिंग एकदम रद्द होतात.

*#21# बद्दल एक अफवा खूप पसरलीय की याने फोन हॅक झालाय का, टॅप होतोय का ते कळतं. अजिबात कळत नाही. कॉल फॉरवर्ड आहेत की नाहीत, एवढंच कळतं. आणि *#62# टाकल्यावर एखादा अनोळखी नंबर दिसला की लोक घाबरतात, पण बहुतेक वेळा तो कंपनीच्याच व्हॉइसमेलचा किंवा मिस्ड कॉल अलर्टचा असतो. काळजी करायची ती 21 वर कुणाचातरी मोबाईल नंबर दिसला तर.

आता फसवणूक कशी होते ते नीट वाचा. कुरिअरवाला म्हणून किंवा कस्टमर केअरमधून बोलतोय म्हणून फोन येतो, "तुमचं पार्सल अडकलंय" किंवा "तुमचं सिम बंद होणार आहे" असं सांगतात आणि *401* लावून पुढे एक 10 आकडी नंबर डायल करायला लावतात. ऐकणाऱ्याला वाटतं हा पण *#06# सारखाच काहीतरी कोड असेल, माहितीच दिसेल. पण *401* हा आपल्याकडच्या काही कंपन्यांचा फॉरवर्डिंगचा कोड. मग तो चोर तुमच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप चालू करायला घेतो, व्हॉट्सअ‍ॅपचा ओटीपी एसएमएसऐवजी कॉलवर मागतो, तो कॉल त्याच्याकडेच जातो आणि तुमचं व्हॉट्सअ‍ॅप गेलं, पुढे तुमच्या नातेवाइकांना "अर्जंट पैसे पाठव" असे मेसेज. एसएमएस असे फॉरवर्ड होत नाहीत, फक्त कॉल होतात, पण कॉलवर येणारे ओटीपी पुरेसे असतात. यामुळेच दूरसंचार विभागाने कंपन्यांना 15 एप्रिल 2024 पासून असे कोड टाकून कॉल फॉरवर्डिंग सुरू करायची सोय थांबवायला सांगितली. तरी निर्धास्त राहू नका, कारण सेटिंगमधून फॉरवर्डिंग सुरू करता येतंच आणि बोलण्यात गुंतवून तेही करून घेता येतं.

आणि इथेच फोन आणि नेटवर्कमधला खरा फरक लक्षात येतो. फॉरवर्डिंगची नोंद कंपनीच्या सिस्टीममध्ये असते, म्हणजे तुम्ही फोन रिस्टार्ट करा, फॅक्टरी रिसेट मारा, सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये टाका, ती तशीच राहते! रिसेट मारून फोटो आणि कॉन्टॅक्ट घालवून बसतात लोक, आणि कॉल तिकडेच जात राहतात. अशा वेळी ##002#, नाहीतर फोन अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग उघडून सगळे पर्याय बंद करा (मेनूचं नाव फोनप्रमाणे बदलतं, दोन सिम असतील तर दोन्हीकडे बघा), तेही जमलं नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला दुसऱ्या फोनवरून सांगा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

मग फोनचे कोड शंभर टक्के सेफ का? जवळजवळ, पण काही कंपन्यांनी फोन साफ करणारे कोडही ठेवले होते. 2012 मध्ये रवी बोरगावकर या सुरक्षा संशोधकाने अर्जेंटिनातल्या एका कॉन्फरन्समध्ये दाखवून दिलं की नुसतं वेबपेज उघडलं तरी काही सॅमसंग फोनमध्ये रिसेटचा कोड आपोआप डायल होऊन सगळा डेटा उडतो, नंतर सॅमसंगने अपडेट देऊन ते दुरुस्त केलं. तेव्हा यादीतले न कळणारे कोड उगाच टाकून बघायचे नाहीत, ते कुणाचेही असोत.

जुन्या नोकियावाल्यांना *3370# आठवत असेल, बॅटरीत लपलेला चार्ज बाहेर येतो म्हणायचे. तो खरं म्हणजे आवाजाची क्वालिटी वाढवायचा कोड होता आणि त्याने बॅटरी उलट लवकर संपायची.

सगळेच नेटवर्क कोड वाईट नाहीत हेही सांगायला हवं. *99# हा बँकिंगचा कोड इंटरनेटशिवाय चालतो, साध्या बटणाच्या फोनवरही, बॅलन्स बघता येतो आणि यूपीआयने एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत पाठवता येतात, बँकेत नोंदवलेला नंबर त्या फोनमध्ये हवा एवढंच. गावाकडे डेटाची रेंज नसते तिथे याचा खरंच उपयोग आहे.

घरातल्या मोठ्यांचे फोन हातात येतील तेव्हा दोन कामं करून टाका. *#06# टाकून आयएमईआय कागदावर लिहून ठेवा, फोन चोरीला गेला तर पोलीस तक्रारीनंतर संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करायला तोच लागतो. आणि *#21# टाकून, हिरवं बटण दाबून, सगळे कॉल त्यांच्याकडेच येतायत ना ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशनही तेव्हाच लावून द्या, म्हणजे कॉलवरचा कोड कुणी मिळवला तरी पिनशिवाय पुढे जाता येत नाही.