ओमाहा हाय-लो

ओमाहा हाय-लो : पोकर या पत्त्यांच्या खेळाचा एक प्रकार. यात डावात जमलेल्या रकमेचे, म्हणजे पॉटचे, दोन समान भाग होतात. एक भाग सर्वांत मोठा हात, म्हणजे पाच पानांची सर्वांत वरचढ जुळणी, असलेल्या खेळाडूला आणि दुसरा सर्वांत लहान हात असलेल्या खेळाडूला मिळतो. लहान हातासाठी अठ्ठी किंवा त्याहून लहान अशी पाच वेगवेगळी पाने लागतात, म्हणून या खेळाला ‘ओमाहा एट-ऑर-बेटर’ असेही म्हणतात. अशी पाने कोणाचीच जमली नाहीत, तर सगळा पॉट मोठ्या हाताकडे जातो. दोन्ही हात एकाच खेळाडूचे असतील तर दोन्ही भाग त्यालाच मिळतात. याला ‘स्कूप’ म्हणतात आणि या खेळातील सारे डावपेच स्कूपभोवतीच फिरतात.

ओमाहा हा टेक्सस होल्डेम या अमेरिकी खेळाचाच एक फाटा आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लास व्हेगासच्या कॅसिनोंत त्याने जम बसवला. मोठ्या-लहान हातांत पॉट विभागण्याची पद्धत मात्र त्याहून जुनी असून ती आधीपासून स्टड आणि ड्रॉ या पोकर-प्रकारांत रूढ होती. मराठी खेळाडूला लहान हाताने जिंकण्याची कल्पना अगदीच नवखी नाही. तीन पत्तीतील ‘मुफलिस’ या प्रकारात सर्वांत हलकी पाने असलेलाच डाव जिंकतो. ओमाहा हाय-लोमध्ये नेहमीचा डाव आणि मुफलिस एकाच वेळी, एकाच पॉटसाठी खेळले जातात, अशी कल्पना केली तर खेळाचा गाभा लवकर ध्यानात येतो. ‘ब्लाइंड’ या शब्दाबाबत मात्र सावध राहावे लागते. तीन पत्तीत न पाहता खेळलेली चाल म्हणजे ब्लाइंड, तर येथे वाटप करणाऱ्याचे बटण ज्याच्यापुढे आहे त्याच्या डावीकडील दोन खेळाडूंनी पाने वाटण्यापूर्वी लावायची सक्तीची रक्कम म्हणजे ब्लाइंड.

प्रत्येक खेळाडूला चार पाने पालथी वाटली जातात आणि बोलीची पहिली फेरी होते. त्यानंतर टेबलाच्या मध्यभागी तीन सामाईक पाने एकदम उघडतात. त्यांना फ्लॉप म्हणतात. पुढे टर्न हे चौथे आणि रिव्हर हे पाचवे पान उघडते व प्रत्येक टप्प्यानंतर बोलीची एक फेरी होते. चार फेऱ्यांनंतर जे खेळाडू उरतात ते आपली पाने उघडतात. कॅसिनोत या वेळी कोणी कोणत्या बाजूसाठी खेळत आहे हे सांगावे लागत नाही. पाने उघडली की त्यांतून जे दिसते तेच ग्राह्य धरले जाते. घरगुती बैठकांत कधीकधी ‘मोठा’, ‘लहान’ किंवा ‘दोन्ही’ हे आधी जाहीर करण्याची प्रथा असते, पण तो खेळ बराच वेगळा होतो. पॉटचे समान भाग होत नसतील, तर उरलेली एक चिप, म्हणजे पैशांऐवजी वापरायची चकती, मोठ्या हाताकडे जाते.

सर्व नियमांत एक नियम असा आहे की तो अंगवळणी पडेपर्यंत बाकीचे शिकून उपयोग नाही. अंतिम पाच पानांत हातातील नेमकी दोन आणि टेबलावरील नेमकी तीन पाने असली पाहिजेत, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत. होल्डेममध्ये हातात दोनच पाने असतात आणि हातातील व टेबलावरील मिळून कोणतीही पाच पाने घेता येतात, म्हणून होल्डेम खेळून आलेल्या माणसाची पहिली चूक येथेच होते. टेबलावर चार इस्पिक पडले आहेत आणि हातात फक्त इस्पिक एक्का आहे, तर होल्डेममध्ये तो सर्वांत मोठा फ्लश, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांचा हात, ठरतो. ओमाहात मात्र हातात दुसरे इस्पिक नसल्याने तो फ्लशच नाही. टेबलावर दोन राजे, दोन सत्त्या आणि एक तिर्री आहे आणि हातात एकच राजा आहे, तर होल्डेममध्ये फुल हाउस, म्हणजे एका अंकाची तीन आणि दुसऱ्या अंकाची दोन पाने, होते. येथे हातातले दुसरे पान सत्ती किंवा तिर्री नसेल तर केवळ तीन राजे उरतात. हातात तीन राजे आले म्हणून आनंद मानण्याचेही कारण नाही. त्यांतले दोनच वापरता येतात आणि तिसऱ्याने मदतीला येऊ शकणारे एक पान हातातच अडकवून ठेवलेले असते.

मोठ्या आणि लहान हातांसाठी हातातील दोन पाने वेगवेगळी निवडता येतात. चार पानांतून दोन निवडण्याचे ६ आणि पाच सामाईक पानांतून तीन निवडण्याचे १० मार्ग असल्याने प्रत्येक खेळाडूला ६० जुळण्या तपासता येतात. साहजिकच मोठे हात होल्डेमपेक्षा कितीतरी वारंवार घडतात, आणि दुसऱ्या क्रमांकाचा फ्लश किंवा लहान फुल हाउस अनेकदा हरते.

लहान हात वाचण्याची रीत सोपी असली तरी तिची सवय करावी लागते. एक्का सर्वांत लहान मानला जातो. पाचही पाने वेगवेगळ्या अंकांची आणि अठ्ठी किंवा त्याखालची हवीत. त्यांचा क्रम लागला किंवा ती एकाच रंगाची झाली तरी लहान हात बिघडत नाही. तुलना सर्वांत मोठ्या पानापासून खाली करायची असते, म्हणजे ७-६-५-४-३ हा हात ८-४-३-२-एक्का या हाताला हरवतो, कारण पहिल्याच पानात सत्ती अठ्ठीपेक्षा लहान आहे. असे एकूण ५६ लहान हात संभवतात. सर्वांत चांगला ५-४-३-२-एक्का आणि सर्वांत वाईट ८-७-६-५-४. पहिल्याला ‘व्हील’ म्हणतात. मोठ्या हाताच्या हिशेबात तीच पाने पंजीपर्यंतचा सलग क्रम ठरत असल्याने त्यावर पुष्कळदा पूर्ण पॉट मिळतो.

टेबलावर अठ्ठी किंवा त्याखालच्या निदान तीन वेगवेगळ्या अंकांची पाने पडल्याखेरीज कोणाचाही लहान हात होऊ शकत नाही. ५२ पानांच्या जोडातून उघडलेल्या पाच पानांत असे घडण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते. एका विशिष्ट खेळाडूच्या वाट्याला हे भाग्य त्याहून पुष्कळ कमी वेळा येते. हातात एक्का, दुर्री आणि दोन चित्रांची पाने असतील, तर रिव्हरपर्यंत लहान हात जमण्याची शक्यता सुमारे ३६ ते ३७ टक्केच असते. एक्का-दुर्री दिसली की पुढचा विचार न करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

एक डाव जवळून पाहू. पहिल्या खेळाडूकडे इस्पिक एक्का, इस्पिक दुर्री, चौकट तिर्री आणि चौकट राजा आहे. दुसऱ्याकडे बदाम एक्का, किलवर दुर्री, बदाम राणी आणि किलवर गुलाम आहे. फ्लॉप पडतो तो इस्पिक ४, चौकट ७ आणि इस्पिक ८ असा. दोघांचाही लहान हात आताच तयार आहे, ८-७-४-२-एक्का, आणि या क्षणी त्याहून चांगला लहान हात कोणाचाच होऊ शकत नाही. अशा अजिंक्य हाताला ‘नट’ म्हणतात. दोघे येथे बरोबरीत दिसतात, पण ते बरोबरीत नाहीत. पहिल्याला इस्पिकच्या फ्लशची आशा आहे, तर दुसऱ्याला मोठ्या बाजूने जवळजवळ काहीच नाही. टर्नला बदाम दुर्री पडते. दोघांच्या हातातील दुर्री एका क्षणात निकामी होते. याला ‘काउंटरफिट होणे’ म्हणतात. दुसरा खेळाडू ८-७-४-२-एक्का यावरच अडकून राहतो. पहिल्याची तिर्री मात्र आता कामाला येते. एक्का व तिर्री हातातून आणि २, ४, ७ टेबलावरून घेतल्यावर त्याचा लहान हात ७-४-३-२-एक्का होतो आणि तोच पुन्हा नट असतो. रिव्हरला किलवर राजा पडतो. फ्लश जमत नाही, तरीही राजा आणि दुर्री यांच्या दोन जोड्या पहिल्याकडे आहेत, दुसऱ्याकडे केवळ दुर्रीची एक जोडी आहे. दोघेच उरले असतील तर सगळा पॉट पहिल्याकडे जातो. फ्लॉपवर समान वाटणाऱ्या दोन हातांतला फरक त्या एका तिर्रीने आणि राजाने घडवला. या खेळात पानांची निवड इतकी जपून का करावी लागते, याचे यापेक्षा चांगले उत्तर शोधावे लागत नाही.

सुरुवातीच्या हाताची पारख करताना चारही पाने परस्परांच्या उपयोगी पडतात का, हे पाहायचे असते. दोन एक्के, दुर्री आणि तिर्री, त्यातही प्रत्येक एक्क्याला त्याच्याच रंगाचे एक लहान पान लाभलेले, हा सर्वोत्तम हात मानला जातो. एक्का-दुर्री-तिर्रीसोबत कोणतेही चौथे पान असले तरी तो हात भक्कम असतो, कारण काउंटरफिटपासून संरक्षण हातातच असते. राजा, राणी, गुलाम, दश्शी असे चारही मोठ्या पानांचे हातही खेळण्यासारखे असतात. टेबलावर मोठी पाने पडली तर लहान हात होतच नाही आणि सगळा पॉट मिळू शकतो. लहान पाने पडली तर असा हात फ्लॉपलाच मुकाट्याने सोडून देता येतो. खरा धोका मधल्या पानांचा आहे. नव्वी, अठ्ठी, सत्ती, छक्की ही चार एकापाठोपाठची पाने होल्डेमच्या सवयीने देखणी वाटतात, पण त्यांच्यापासून होणारा लहान हात सहसा हरतो, आणि ज्या पानांवर त्यांचा सलग क्रम जमतो त्याच पानांवर दुसऱ्या कोणाचा तरी लहान हात होऊन अर्धा पॉट निघून जातो. नवशिक्याने असे हात सोडण्याची शिस्त लावून घेतली, तर त्याचे अर्धे नुकसान टळते.

फ्लॉपनंतरचा निर्णय बहुधा लहान पाने मोजून होतो. हातात एक्का-दुर्री व दोन मोठी पाने आहेत आणि फ्लॉपवर तीन ते आठ या अंकांतली दोन वेगवेगळी पाने पडली, तर उरलेल्या दोन पानांत लहान हात पूर्ण होण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के असते. फ्लॉपवर असे एकच पान असेल, तर टर्न आणि रिव्हर दोन्ही अनुकूल पडावी लागतात आणि ती शक्यता सुमारे १६ टक्क्यांवर घसरते. पहिल्या स्थितीत पुढे जाणे बहुतेक वेळा योग्य असते, दुसऱ्या स्थितीत केवळ लहान हाताच्या आशेवर रक्कम लावणे चूक असते.

लहान बाजूचा नट हाती असूनही नुकसान कसे होते, हे समजणे या खेळाच्या शिक्षणातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. समजा, तिघांनी प्रत्येकी ३०० रुपये लावले आणि पॉट ९०० रुपयांचा झाला. एका खेळाडूकडे एक्का-दुर्रीचा नट लहान हात आहे, पण दुसऱ्याकडेही तोच लहान हात असून शिवाय मोठा हातही त्याचाच आहे. मोठ्या हाताचे ४५० रुपये दुसऱ्याला मिळतात, लहान हाताचे ४५० दोघांत वाटले जातात आणि पहिल्याच्या पदरात २२५ रुपये पडतात, म्हणजे ‘जिंकूनही’ तो ७५ रुपये गमावतो. दोघेच खेळात असते तर ६०० पैकी १५० रुपये मिळून नुकसान १५० चे झाले असते. चार जणांनी सारखी रक्कम लावली असेल तेव्हा कुठे चौथा हिस्सा आपल्या रकमेइतका भरतो. या प्रकाराला ‘क्वार्टर होणे’ म्हणतात. म्हणूनच मोठ्या बाजूची काहीच आशा नसताना, थोडे खेळाडू उरले असताना, केवळ नट लहान हातावर बोली वाढवत नेणे हे जाणकार टाळतात. उलट, लहान हात वाटून जाणार हे ठाऊक असून मोठ्या हाताचीही संधी असेल, तर बोली वाढवण्यात गमावण्यासारखे फारसे नसते. आधी जवळून पाहिलेल्या डावात फ्लॉपवर पहिल्या खेळाडूची स्थिती नेमकी अशीच होती.

बोलीच्या मर्यादेचा डावपेचांवर बराच परिणाम होतो. पारंपरिक लिमिट खेळात पहिल्या दोन फेऱ्यांत ठरावीक लहान रक्कम आणि नंतरच्या दोन फेऱ्यांत तिच्या दुप्पट रक्कम लावता येते. पॉट-लिमिट प्रकारात पॉटच्या आकारापर्यंत बोली वाढवता येत असल्याने क्वार्टर होण्याची शिक्षा खूप कडक होते. पाच पाने वाटून खेळल्या जाणाऱ्या ‘बिग ओ’ या प्रकारात नट हातांचे प्रमाण आणखी वाढते.

स्पर्धात्मक पोकरमध्ये ओमाहा हाय-लोला मानाचे स्थान आहे. होल्डेम, ओमाहा हाय-लो, रॅझ, सेव्हन-कार्ड स्टड आणि स्टड एट-ऑर-बेटर हे पाच खेळ आळीपाळीने खेळण्याच्या पद्धतीला त्यांच्या इंग्रजी नावांतील H, O, R, S आणि (एट-ऑर-बेटरचे) E या अक्षरांवरून ‘हॉर्स’ म्हणतात. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये २००६ साली ५०,००० डॉलर प्रवेशशुल्काची हॉर्स स्पर्धा झाली आणि ती चिप रीस या अमेरिकी खेळाडूने जिंकली.

भारतात पोकरच्या कायदेशीर स्थितीवर एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा जुगार ठरवला. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यातील दुरुस्त्यांमुळे परवानाधारक कॅसिनो चालतात आणि मांडवी नदीतील तरंगते कॅसिनो सर्वपरिचित आहेत. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली.

नियम शिकण्यासाठी पैशांची मुळीच गरज नाही, किंबहुना पैशाविना ते अधिक चांगले शिकता येतात. पत्त्यांचा एक जोड पिसून चार हात उघडे वाटावेत, पाच सामाईक पाने एकेक करून टाकावीत आणि प्रत्येक पानानंतर मोठा भाग कोणाचा, लहान भाग कोणाचा, कोण क्वार्टर होतो, हे मोठ्याने सांगावे. लहान हात आधी वाचावा. टेबलावरील तीन लहान वेगवेगळे अंक मनात धरून प्रत्येक हातातून त्यांना पूरक अशी, त्या अंकांशी न जुळणारी दोन लहान पाने शोधावीत, आणि मगच मोठ्या हाताकडे वळावे.