क्वाड्राफोनिक आठ-ट्रॅक कार्ट्रिज (क्यू-८): आवाज आणि निगा

चार वेगवेगळ्या चॅनलचं संगीत एकाच अखंड टेपवर भरलेली प्लास्टिकची डबी, म्हणजे क्यू-८. दोन स्पीकर पुढे, दोन मागे आणि ऐकणारा मध्ये. अमेरिकेत आरसीए या रेकॉर्ड कंपनीने १९७० मध्ये ही आणली, सुरुवातीला नाव क्वाड-८ होतं, मग क्यू-८ रूढ झालं, आणि सत्तरीचं दशक संपता संपता क्वाडचा, म्हणजे चार चॅनलच्या संगीताचा, सगळाच बाजार उठला तेव्हा हीही गेली. या प्रकारात बरंच काही निघालं पण आज जमवणारे लोक मुख्यतः रॉकच्या मागे असतात, कारण त्या काळचे कित्येक चार चॅनलचे मिक्स पुढे अनेक वर्षं दुसरीकडे मिळतच नव्हते.

डबीचा शोध नक्की कोणाचा हा जुना वाद आहे. टोकं जोडलेली, गोल गोल फिरत राहणारी टेप अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडोच्या बर्नार्ड कझिनोने १९५२ च्या आसपास विकायला काढली, पण ज्या डबीतून पुढे रेडिओ स्टेशनांचं फिडेलिपॅक कार्ट्रिज आलं तिचं श्रेय बहुतेक जण जॉर्ज ईशला देतात, आणि हे दोघं काही काळ एकाच जागेत काम करत होते म्हटल्यावर कोणी कोणाचं पाहून काय केलं हे आता सोडवणं अवघडच. निदान कल्पना कझिनोची आणि डबी ईशची अशी वाटणी जास्त पटते. त्यानंतर कॅलिफोर्नियात अर्ल मंट्झने १९६२ च्या सुमारास चार ट्रॅकचं स्टीरिओ-पॅक गाड्यांत बसवायला सुरुवात केली, आणि ते पाहून विमानवाल्या बिल लियरने १९६४ मध्ये आठ ट्रॅकचं स्टीरिओ-८ करून घेतलं, त्याची प्रत्यक्ष रचना त्याच्याकडच्या रिचर्ड क्राउसची. फोर्डने १९६६ च्या मॉडेलांत प्लेअर दिला आणि मग ते घरोघरी झालं.

या वंशावळीत एक बदल फार महत्त्वाचा आहे, पण नोंदींमध्ये तो एका ओळीत उरकला जातो. फिडेलिपॅक आणि मंट्झच्या डबीत रबरी पिंच रोलर (टेप फिरत्या दांड्यावर दाबून पुढे ओढणारं चाक) मशीनमधून वर यायचा, लियरच्या डबीत तो डबीतच बसवलेला असतो. प्लेअर स्वस्त झाला, पण प्रत्येक डबीला स्वतःचा रोलर आला म्हणजे प्रत्येक डबीला स्वतःचं म्हातारपणही आलं. आज एक डबी छान वाजते आणि तिच्याच शेजारची त्याच मशीनवर सूर हेलकावत वाजते, त्याला कारण बरेचदा हेच असतं.

आता ट्रॅकचा हिशोब. टेप पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर रुंद, तीवर आठ ट्रॅक, म्हणजे एकेक जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि वेग सेकंदाला ३¾ इंच, साधारण ९.५ सेंटिमीटर. स्टीरिओत हे आठ ट्रॅक दोन-दोनच्या चार प्रोग्रॅममध्ये, म्हणजे एका वेळी एकत्र वाजणाऱ्या गटांत, वाटलेले, क्वाडमध्ये चार-चारच्या दोन. पहिल्या प्रोग्रॅमला १, ३, ५, ७ आणि दुसऱ्याला २, ४, ६, ८. डबीच्या कोपऱ्यात एक खाच असते, त्यावरून क्वाड प्लेअर ओळखतो की आता चार चॅनल वाजवायचे. साध्या स्टीरिओ प्लेअरमध्ये हीच डबी घातली तर पहिल्या दोन प्रोग्रॅमवर नुसते पुढचे दोन चॅनल ऐकू येतात आणि तिसऱ्या-चौथ्यावर गेलं की नुसते मागचे, म्हणजे गायक गायब आणि नुसता ऑर्गन किंवा टाळ्या! नवख्या माणसाला वाटतं डबी बिघडली.

यातून एक फायदा निघतो आणि एक तोटा. फायदा असा की प्रोग्रॅम दोनच असल्याने एलपीच्या दोन बाजूंसारखी गाणी लावता येतात, गाणं मध्येच तोडून खट्ट आवाज आणि मग पुढचा तुकडा, हा स्टीरिओ-८ चा छळ बराच कमी होतो. तोटा असा की चाळीस मिनिटांच्या अल्बमला स्टीरिओत दहा मिनिटांची, म्हणजे सुमारे ५७ मीटर टेप पुरते, क्वाडला वीस मिनिटांची, ११४ मीटर. टेप गुंडाळीच्या आतल्या बाजूने ओढली जाते आणि बाहेरून परत गुंडाळली जाते, सगळे वेढे एकमेकांवर घसरत असतात, म्हणून टेपच्या पाठीवर ग्रॅफाइटचा लेप असतो. दुप्पट टेप म्हणजे जास्त घर्षण, ओढ जास्त, अडकण्याची शक्यता जास्त. आणि आपल्या कॅसेटसारखी पेन्सिल घालून मागे फिरवायची सोयच नाही, ही टेप मागे जात नाही.

आवाजाबद्दल दोन टोकाची मतं असतात. हिस्स असतोच, बहुतेक डब्यांवर हिस्स कमी करणारी डॉल्बी यंत्रणा नाही, वरचे सूर बोथट, झांजा काहीशा लोकर गुंडाळल्यासारख्या. पण चारही चॅनल खरोखर वेगळे असतात, आणि ही गोष्ट त्या वेळच्या एसक्यू आणि क्यूएस रेकॉर्डींना जमत नव्हती, त्यांत चार चॅनल दोनात मिसळून परत सोडवायचे आणि साध्या डिकोडरवर काही जोड्यांमधला वेगळेपणा अवघा ३ डेसिबल. सीडी-४ रेकॉर्ड खऱ्या अर्थाने वेगळी ठेवायची पण तिला ४५ किलोहर्ट्झपर्यंत वाचणारी खास सुई लागायची आणि ती खोबण झिजली की खरखर. ओपन रीलवरचं (डबीत नसलेल्या, मोकळ्या चाकावरच्या टेपवरचं) क्वाड या सगळ्यांपेक्षा सरस, वेग दुप्पट, पण महाग. म्हणून गिटार मागून पुढे फिरते ते नेमकं ऐकायचं असेल तर क्यू-८ अजूनही मान ठेवून आहे. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चा अ‍ॅलन पार्सन्सने केलेला क्वाड मिक्स २०११ च्या मोठ्या संचात अधिकृतपणे परत आला, तोवर लोक क्यू-८ आणि एसक्यू रेकॉर्डवरच तहान भागवत होते.

क्वाडला निगा जास्त लागते, कारण स्टीरिओला एका वेळी दोन ट्रॅकला हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) स्पर्श पुरतो, इथे टेपच्या पूर्ण रुंदीवर पसरलेले चार एकदम लागतात. टेपला हेडवर दाबून धरणाऱ्या डबीतल्या पॅडचा एक कोपरा बसला की मागचा उजवा स्पीकर मुका होतो आणि माणूस अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसतो. म्हणून आधी पॅड बघावा. जुन्या फोमच्या पॅडला बोट लावलं की पिवळसर भुगा बोटावर येतो, पोळीच्या डब्यातल्या तळाच्या चुऱ्यासारखा, आणि तोच भुगा हेडवर जाऊन बसतो. तो पूर्ण खरवडून काढून नवा पॅड चिकटवायचा. काही डब्यांत फोमऐवजी धातूच्या पट्टीवर नमदा असतो, तो बराच टिकतो, उगाच बदलू नये.

दुसरी गोष्ट फॉइल. टेपची दोन टोकं धातूच्या पातळ पट्टीने जोडलेली असतात, ती प्लेअरच्या संपर्कांवरून गेली की हेड पुढच्या प्रोग्रॅमवर सरकतं. पन्नास वर्षांत गोंद सुकतो. मशीनमध्ये असताना सुटली तर एक टोक गुंडाळीत आत गडप होतं आणि मग डबी उघडून शोधत बसा. त्यामुळे जुनी डबी घेतली की वाजवायच्या आधीच जोड पुढे आणून नवी फॉइल लावायची, ती हेडकडे तोंड असलेल्या बाजूला, ग्रॅफाइटच्या पाठीवर नाही, तिथे ती नीट धरतच नाही. आणि टेप बाहेर ओढताना ज्या दिशेने ती वाजते त्याच दिशेने, हळू.

रोलर कडक प्लास्टिकचा असेल तर स्पिरिटने पुसला की झालं. काही रबरी रोलर मात्र काळ्या गुळासारखे पाघळतात, असा रोलर दिसला तर डबी अजिबात लावू नये, तो गूळ कॅप्स्टनला, म्हणजे मशीनच्या टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्याला, लागला की टेप त्याच्याभोवती गुंडाळली जाते. आणि ऐकून झालं की डबी बाहेर काढून ठेवायची, आत राहिली तर कॅप्स्टन रोलरला दाबून त्यावर सपाट खळगा पाडतो आणि पुढच्या वेळी प्रत्येक फेरीला आवाज उचकी देतो.

हेडची उंची क्वाडमध्ये भारी नाजूक. शेजारचा ट्रॅक कायम दुसऱ्या प्रोग्रॅमचा असतो, हेड केसभर खाली-वर झालं की शांत जागेत मागून दुसरंच गाणं कुजबुजतं. उंची आधी जुळवावी, तिरपेपणा मग. हेड आणि कॅप्स्टन दर काही डब्यांनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत.

अमेरिकेहून कोणाच्या सामानातून डेक भारतात आणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ट्रान्सफॉर्मर लावून २३० चे ११० व्होल्ट होतात, पण ५० हर्ट्झचे ६० होत नाहीत, आणि बऱ्याच घरगुती डेकची मोटर विजेच्या हर्ट्झवरच चालते. मग वेग पाच-षष्ठांश, सगळं गाणं सुमारे तीन अर्धस्वर खाली, गायक झोपेत असल्यासारखा. डीसी मोटरचा डेक किंवा गाडीतला १२ व्होल्टचा प्लेअर घेतला तर ही भानगड राहत नाही.