पपेटच्या मागचा हिरवा पडदा आला कुठून

घरी हातबाहुल्यांचे व्हिडिओ करणाऱ्यांना ग्रीन स्क्रीन, म्हणजे मागे लावायचा हिरवा पडदा, दोन कामांसाठी लागतो. एक म्हणजे मागे जंगल, राजवाडा, चंद्र काय हवं ते लावता यावं, आणि दुसरं, जे माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे, बाहुली हलवणारा माणूस फ्रेममधून गायब व्हावा. ही दोन कामं दोन वेगळ्या वाटांनी आली, एक रंगमंचावरून आणि एक सिनेमाच्या लॅबमधून, आणि तो प्रवास एकदा नीट समजला ना की केसांच्या कडा का फाटतात, पोपट राखाडी का पडतो, पांढऱ्या सशाला हिरवट झाक का येते ही कोडी आपोआप सुटायला लागतात.

माणूस लपवायचं काम फार जुनं. जपानच्या बुनराकूत एक मोठी बाहुली तिघं मिळून चालवतात, मुख्य कलाकाराचा चेहरा बहुतेक वेळा उघडाच असतो पण बाकीचे दोघं डोक्यावरच्या टोपड्यासकट पूर्ण काळ्या कपड्यात, आणि प्रेक्षकांनी ते नाहीतच असं धरायचं असतं. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या कळसूत्री बाहुल्यांमध्ये नाचवणारा पडद्याआड राहून दोऱ्या सांभाळतो. प्रागच्या ब्लॅक थिएटरने १९६० च्या आसपास काळ्या मखमलीसमोर काळी मखमल घातलेली माणसं उभी केली आणि उजेडाचा फक्त एक पट्टा सोडला, त्या पट्ट्यात जी वस्तू येईल तीच दिसणार. म्हणजे हिरवा यायच्या आधी काळा होता, आणि घरात हिरवं कापड नसेल तर काळ्यावर आजही पपेट व्हिडिओ फार सुंदर होतो, फक्त गोष्ट रात्रीची हवी.

सिनेमाची सुरुवातही काळ्यापासूनच झाली. फ्रान्सचा जॉर्ज मेलिएस, मूळचा जादूगार, १८९८ मध्येच काळ्या पार्श्वभूमीवर शूट करून तीच फिल्म परत परत एक्सपोज करायचा आणि स्वतःचं डोकं काढून टेबलावर ठेवायचा. १९१८ मध्ये फ्रँक विल्यम्सने ट्रॅव्हलिंग मॅटचं पेटंट घेतलं, म्हणजे हलणाऱ्या माणसाच्या आकाराची काळी सावली फिल्मवर तयार करायची आणि त्या सावलीच्या भोवती दुसरं दृश्य भरायचं. अडचण एकच, पात्राच्या अंगावर गडद सावली पडली की तीही पार्श्वभूमीसारखीच काळी, तिथे भोक.

मग रंग आला. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'साठी लॅरी बटलरने निळा पडदा वापरला, त्याला त्याचं ऑस्करही मिळालं. टेक्निकलर या तेव्हाच्या रंगीत सिनेमाच्या पद्धतीत तीन रंगांच्या तीन वेगळ्या फिल्म निघायच्या, त्यामुळे निळ्याची फिल्म बाकीच्यांशी ताडून पात्राचा आकार वेगळा काढता यायचा. निळाच का, तर माणसाच्या कातडीच्या रंगात निळा सगळ्यात कमी. पण कडेला निळी रेघ राहायची, आणि केस, धूर, काच यांचं काही खरं नव्हतं.

इथे पेट्रो व्लाहोस हा हॉलिवूडचा इंजिनिअर येतो आणि घरी कीइंग (म्हणजे पडद्याचा रंग काढून तिथे दुसरं दृश्य बसवणं) करणाऱ्या प्रत्येकाने याचं नाव लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. त्याने एक रस्ता पिवळ्या पडद्याचा काढला. पडद्यावर सोडियमचे दिवे, ज्यांचा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या अगदी अरुंद पट्ट्यात असतो, आणि पात्रांवर साधा पांढरा उजेड. कॅमेऱ्यात एक खास प्रिझम, तो नेमका तेवढाच पिवळा बाजूला काढून दुसऱ्या फिल्मवर पाठवायचा, म्हणजे शूट होतानाच मॅट तयार. १९६४ च्या 'मेरी पॉपिन्स'मध्ये टोपीच्या विरळ जाळीतून मागचं कार्टून दिसतं ते यामुळे. पण तो प्रिझम बनवणं महाकठीण, त्यामुळे पद्धत पसरली नाही.

टिकला तो त्याचा दुसरा रस्ता, 'बेन-हर'साठी (१९५९) बसवलेला. त्यात त्याने पाहिलं की नेहमीच्या बहुतेक वस्तूंमध्ये निळा हा हिरव्यापेक्षा फारसा जास्त नसतो, मग जिथे तो जास्त आहे तेवढा फरक म्हणजे पडदा. आहे किंवा नाही असं न विचारता किती आहे हे मोजायचं, म्हणून अर्धपारदर्शक केसही वाचतात. पुढे १९७६ मध्ये अल्टिमॅट नावाचं मशीन निघालं आणि हेच गणित व्हिडिओत लाइव्ह व्हायला लागलं. आपण अ‍ॅपमध्ये स्पिल (बाहुलीवर सांडलेला पडद्याचा रंग) रिडक्शनचा स्लायडर ओढतो तेव्हा साधारण हेच चालू असतं, हिरवा हा लाल-निळ्यापेक्षा वर गेला की त्याला खाली ओढायचं. आता यात पोपट घाला. पोपटाचा हिरवाही खालीच ओढला जाणार, म्हणून तो राखाडी पडतो नाहीतर त्याला भोकं पडतात आणि स्लायडर कितीही फिरवला तरी ते सुटत नाही, पोपट-बेडकासाठी निळं कापडच घ्यायचं.

टीव्हीवर पपेटची चाल बदलली ती अमेरिकेच्या जिम हेन्सनने. १९५५ पासून वॉशिंग्टनच्या चॅनलवर त्याचा पाच मिनिटांचा कार्यक्रम लागायचा, त्यात त्याने बाहुल्यांचा लाकडी स्टेज काढूनच टाकला, टीव्हीची चौकट हाच स्टेज, आणि कलाकार खाली बसून मॉनिटरमध्ये बघत हात चालवायचे. घरी मोबाईलचा स्क्रीन आपल्याकडे वळवून बसतो ती सवय तिथलीच. त्याचा तो प्रसिद्ध बेडूक कर्मिट पहिल्यांदा आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून शिवलेला होता.

मग निळ्याचा हिरवा कधी झाला, तर फिल्म जाऊन व्हिडिओ आणि डिजिटल आलं तसा. कोडॅकच्या ब्राइस बायरने १९७६ मध्ये पेटंट घेतलेल्या मांडणीत सेन्सरच्या दर ४ पिक्सेलमागे २ हिरवे असतात, बहुतेक मोबाईल कॅमेरे आजही त्याच घराण्यातले. हिरव्याची माहिती जास्त, नॉइज (चित्रातले दाणे) कमी, शिवाय हिरवं कापड कमी उजेडातही उजळ दिसतं. पण मोबाईल व्हिडिओ साठवताना रंगात काटकसर करतो, साधारण ४ पिक्सेलना मिळून रंगाचा एकच नमुना, म्हणून लोकरीच्या केसांची कड पायऱ्यापायऱ्यांची येते. फोर-के शूट करून टेन-एटीला एक्सपोर्ट केलं की ही कड बरीच सुधारते, बाहुलीवाल्यांनी तर हे करावंच.

बाकी जुन्या लोकांनी स्टुडिओत जे सांभाळलं तेच खोलीत सांभाळायचं. सॅटिन नको, चमकतं, साधं पॉपलिन घ्या आणि चुण्या इस्त्रीने मोडा. कापडावर दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, बाहुलीवर वेगळा, आणि बाहुली कापडापासून निदान चार-पाच फूट पुढे, कारण सशाच्या पांढऱ्या फरवर येणारी झाक हा कापडावरून उडालेला उजेडच असतो. हात लपवायला त्याच ताग्यातून खांद्यापर्यंत बाही आणि मोजा शिवा, दुसऱ्या दुकानातला हिरवा वेगळा निघतो आणि मग एका कीमध्ये दोन हिरवे बसत नाहीत. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा कारण आपली वीज ५० हर्ट्झची, नाहीतर एलईडी लुकलुकतात आणि की मध्येच तुटतो.

अल्टिमॅट कंपनी २०१६ मध्ये ब्लॅकमॅजिकने घेतली, त्याच कंपनीचं दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात चांगले कीअर, म्हणजे कीइंगची साधनं, आहेत. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही क्रोमा की (रंगावरून कीइंग) फिल्टर आहे, आधी सिमिलॅरिटी लावा, मग स्मूथनेस, स्पिल सगळ्यात शेवटी. मोबाईलमधलं आपोआप बॅकग्राउंड काढणारं एआय मुख्यतः माणसांवर शिकलेलं असतं, त्याला बाहुलीच्या काड्या आणि विस्कटलेली लोकर नीट कळत नाही आणि बाहुलीखालचा हात पार्श्वभूमी आहे हे तर त्याला सांगायचं कसं, त्यामुळे पपेटसाठी तरी अजून कापडच चालतंय.