इंग्रजी वाक्प्रचारांतील हात

इंग्रजीत ‘हँड’ या शब्दाभोवती वाक्प्रचारांचा मोठा गोतावळा जमला आहे. त्यांत हात कधी काम करणाऱ्या माणसाच्या जागी येतो: ‘ओल्ड हँड’ म्हणजे कामात मुरलेला माणूस. कधी तो ताबा दर्शवतो. मालकी बदलली की वस्तू ‘चेंजेस हँड्स’. ‘शो युवर हँड’ म्हणजे आपला बेत उघड करणे. यातला हात मात्र पत्त्यांच्या डावातला, हाती आलेल्या पानांचा आहे.

सर्वाधिक चर्चा ‘रेड-हँडेड’च्या उगमाची झाली आहे. रक्ताने माखलेल्या हातांनिशी सापडलेला गुन्हेगार हा मूळ अर्थ स्कॉटलंडच्या कायद्यातून आला असावा. तेथे ‘रेड हँड’ हे रूप पंधराव्या शतकात, साधारणतः १४३२च्या सुमारास आढळते. पुढे वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ (१८१९) या कादंबरीमुळे ‘रेड-हँडेड’ हे रूप रुळले, असे मानतात. काहीजण त्याचा संबंध आयर्लंडमधील अल्स्टरच्या लाल पंजाच्या चिन्हाशी जोडतात. आपला हात तोडून किनाऱ्यावर भिरकावणाऱ्या आणि त्या जोरावर भूमीवर हक्क सांगणाऱ्या वीराची ती दंतकथा. तीत गुन्हा करताना पकडले जाण्याचा प्रसंगच नाही. म्हणून कायद्याकडे बोट दाखवणारी उपपत्ती अधिक सयुक्तिक वाटते. आज लाच घेताना सापडलेल्यालाही हाच शब्द लागतो; मराठीतील ‘रंगेहाथ’ त्याला नेमका जुळतो.

‘अपर हँड’ म्हणजे वरचष्मा. बेसबॉलच्या बॅटवर खालून वर आळीपाळीने मुठी ठेवत जायचे, सर्वांत वरची मूठ ज्याची त्याची सरशी, यावरून तो निघाला असे सांगतात. पण वाक्प्रचार पंधराव्या शतकाइतका तरी जुना आणि बेसबॉलला आकार आला तो एकोणिसाव्या शतकात. त्यामुळे ही कथा टिकत नाही. ‘हँड्स डाउन’ घोड्यांच्या शर्यतीतला, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. विजय निश्चित झाला की जॉकी हात खाली सोडून लगाम सैल करी. त्यावरून सहज, निर्विवाद जिंकणे. ‘हँड ओव्हर फिस्ट’ खलाशांकडून आला: दोर धरून हातापुढे हात टाकत झरझर चढणे. हल्ली तो मुख्यतः भराभर पैसा मिळवण्याला किंवा गमावण्याला वापरतात.

भाषांतरात घोटाळा होतो तो शब्दाला शब्द ठेवल्याने. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात (२७:२४) रोमन सुभेदार पिलात जमावापुढे हात धुऊन येशूच्या रक्ताची जबाबदारी नाकारतो. ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ हा वाक्प्रचार त्या प्रसंगाशी जोडलेला आहे. मराठीत येथे ‘हात झटकणे’ हवे. ‘हात धुणे’ लिहिले तर वाचकाला ‘हात धुऊन मागे लागणे’ आठवते आणि अर्थ उलटतो. ‘आउट ऑफ हँड’ क्रियापदाप्रमाणे बदलतो: ‘गेट’बरोबर हाताबाहेर जाणे, ‘रिजेक्ट’बरोबर विचारही न करता फेटाळणे. ‘गिव्ह हिम अ हँड’ म्हणजे त्याला मदत करा. ‘हँड’आधी ‘बिग’ आला, की त्याच्यासाठी टाळ्या वाजवा. दोन्हींत ‘अ’ गाळून चालत नाही.