उघड्यावर जाळण्यावरचे निर्बंध (महाराष्ट्र)

पालापाचोळा, कचरा, पाचट, वाळलं गवत असं काहीही भट्टी-धुराडं नसताना नुसता ढीग करून पेटवून देणं म्हणजे उघड्यावर जाळणं. महाराष्ट्रात यासाठी एकच असा कायदा नाही, जागा कोणाची आणि जळतंय काय यावर कुठला नियम लागणार ते ठरतं, त्यामुळे गोंधळ भरपूर आणि "माझ्या अंगणात माझा पाला जाळतोय, तुमचं काय जातं" हे वाक्य गल्लोगल्ली ऐकू येतं.

या अंगणाचं जरा सविस्तर बघू. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत (2026 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) लिहिलं होतं की कचरा करणाऱ्याने तो रस्त्यावर, आपल्या आवाराबाहेरच्या सार्वजनिक मोकळ्या जागेत, गटारात किंवा पाण्यात टाकायचा, जाळायचा किंवा पुरायचा नाही. म्हणजे शब्दश: वाचलं तर स्वत:चं आवार त्यात येतंच असं नाही, आणि लोक नेमकं तेवढंच वाचतात. पण राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 ला कचऱ्याच्या प्रश्नावर लढणाऱ्या अलमित्रा पटेल यांच्या केसमध्ये कचरा उघड्यावर जाळायला देशभर सरसकट बंदी घातली, अगदी डंपिंग ग्राउंडवरसुद्धा, आणि दंड ठरवला साध्या जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000. त्याच वर्षी जानेवारीत देवनारचं डंपिंग पेटून मुंबईवर धूर पसरला होता, आसपासच्या शाळाही बंद ठेवाव्या लागल्या होत्या. लवादाचा आकडा एवढा मोठा असताना मुंबई महापालिका मात्र 2025 पर्यंत 100 रुपयांचीच पावती फाडत होती, आता ती 1,000 झाली. 100 रुपयांत कोण घाबरणार?

याशिवाय 1981 च्या हवा प्रदूषण कायद्याच्या कलम 19 नुसार राज्य सरकार प्रदूषण मंडळाशी बोलून ठरावीक क्षेत्रात 'इंधन नसलेली' कुठलीही वस्तू जाळायला बंदी करू शकतं. आणि आगीने कोणाच्या जिवाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 287 आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही.

शहरात बऱ्याचदा पाला पेटवणारे झाडलोट करणारेच असतात, कारण गोळा केलेला पाला न्यायला गाडी येत नाही, मग दंड कोणाला करायचा हा प्रश्नच आहे. ओलसर पाला नीट पेटत नाही, नुसता धुमसतो आणि धूर जास्त करतो, त्यात प्लास्टिक असलं की आणखी विषारी. पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा ग्रुप वाळला पाला नको असलेल्यांकडून हवा असलेल्या बागवाल्यांपर्यंत पोचवतो, माझ्या मते दंडापेक्षा हा उपाय जास्त चालणारा आहे.

गावाकडे हिशोब वेगळा. कोकणात, ठाण्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे तोडलेली कवळं (झाडांच्या पाल्यासकट बारीक फांद्या), पातेरा, गवत, शेण वाफ्यावर पसरून पावसाआधी पेटवायचं, त्याने तणाचं बी मरतं आणि राख खताला होते. राबासाठी जंगलातलं कवळ तोडू द्यायचं की नाही यावरून इंग्रजांच्या काळातही एवढं रान उठलं की 1885 मध्ये मुंबई सरकारला वन कमिशन नेमावं लागलं. आजही स्वत:च्या शेतात राब भाजणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, भानगड होते ती आग बांध ओलांडून वणवा झाला की, मग शेजाऱ्याची आंबा-काजूची बागही जाते. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्याच्या कलम 26 खाली गुन्हा आहेच, पण त्यात अजून एक गोष्ट आहे जी फार कमी जणांना माहीत असते: आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्कच काही काळ बंद करू शकतं, म्हणजे एकाने काडी लावली तरी भोगायचं सगळ्या गावाने. शिवाय कलम 79 प्रमाणे जंगलात हक्क असलेल्यांनी वणव्याची खबर देणं आणि विझवायला हात लावणं बंधनकारक आहे. वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला साफ केलेले पट्टे, काढतं ते यासाठीच.

उसाच्या पाचटाबद्दल एक गैरसमज आहे. 2,500, 5,000 आणि 15,000 रुपये असे एकरानुसार दंड लवादाने 2015 मध्ये ठरवले ते पंजाब-हरियाणाकडच्या पराळीसाठी (भात कापल्यावर शेतात उरणारे खुंट-पेंढा), ते इथल्या उसाला जसेच्या तसे लावून व्हॉट्सॲपवर फिरवतात ते चूक. इकडे जास्त झळ बसते ती साखर कारखान्याची, जळीत ऊस नेला की पैसे कापतात, तरीही तोड लवकर मिळावी म्हणून काहीजण उसाचा फड पेटवतात. खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसात) पाचट न जाळता सरीत कुजवा असं कृषी खातं कधीपासून सांगतंय.

होळी आणि थंडीतली शेकोटी यांचं काय असं विचारतात. नुसत्या लाकडाची शेकोटी कोणी पकडत नाही, मात्र तिच्यात टायर, थर्माकोल टाकला की तो कचराच. होळीसाठी शहरात झाड तोडलं तर 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा लागतो, ती केस वेगळी.